उभं मुसळ

"लेकरू ज्याच्या हातचा घास खाते त्याचं होते, बाई. नुसतं जन्म देल्यानं होत नाई," मनकर्णाबाई सुईण मला म्हणाली होती. मुक्ता तेव्हा अकरा दिवसांची होती. सुईण तिला तेल चोळत होती आणि मी खाटेवर पडून शाळेत कधी रुजू व्हायचं त्याचे दिवस मोजत होते. मी म्हटलं, "रक्ताचं नातं घासावर थोडंच ठरतं, मनकर्णाबाई?"

ती हसली. "रगत कोनाले दिसते? लेकराले हात दिसते. निदान सकाळचा घास तरी तूच भरवजो."

मी हो म्हटलं आणि विसरले. सकाळचा घास भरवत बसले असते तर सातची एसटी चुकली असती.

हे वडनेरचं. मी तिथे सून होऊन आले ती वर्ध्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. करून, आणि वर्षभरात हिंगणघाटच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवू लागले. यजमान चंद्रभान एसटीत कारकून. घरात सासूबाई रुख्माबाई, शेती बघणारे थोरले दीर सदाशिवराव आणि त्यांची बायको, माझी जाऊ, विमलताई. विमलताईंच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. गावात एवढं सांगितलं की पुढचं कोणी विचारत नाही.

मुक्ता त्यांच्याच मांडीवर मोठी झाली. मी सकाळी जाताना ती झोपलेली असे आणि संध्याकाळी परतताना विमलताईंच्या कमरेवर. त्यांना ती 'मोठी माय' म्हणायला शिकली. जीभ वळेना म्हणून पुढचं 'मोठी' गळालं आणि नुसतं 'माय' राहिलं. मला मात्र ती 'बाई' म्हणायची. गावातली पोरं मला बाई म्हणत, तिनंही तेच उचललं. सगळे हसायचे, मीही हसायचे. शाळेतल्या बायकांना मी हे गंमत म्हणून सांगितलंही होतं, आणि परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले होते.

मत्सर असा एका दिवसात येत नाही. मी घरी आले की आधी मुक्ताचं डोकं हुंगायची. त्याला विमलताईंच्या तेलाचा वास यायचा. मी दुसऱ्या तेलाची बाटली आणून ठेवली, ती महिनाभर फडताळात तशीच भरलेली राहिली. हिंगणघाटच्या बाजारातून दाबली की शिट्टी वाजणारी रबरी बाहुली आणली, तर ती हातात पडताच मुक्ता 'माय, माय' करत स्वयंपाकघरात दाखवायला पळाली. रात्री जेवताना मी घास मोजायची. विमलताईंच्या हातचे अकरा, माझ्या हातचे दोन. त्यातलाही एक तिनं तोंडातून काढून पाटावर ठेवलेला. विमलताई मान खाली घालून भात कालवत राहायच्या आणि मला वाटायचं, हिला कळतंय, आणि हिला ते आवडतंय.

त्यांनी कधी माझ्याविरुद्ध एक शब्द तिला शिकवला नाही. शिकवला असता तर मला सोपं गेलं असतं.

१९८० च्या फेब्रुवारीत मी नववीला गुरुत्वाकर्षण शिकवत होते. महाशिवरात्रीनंतरच्या शनिवारी मोठं सूर्यग्रहण होतं. खाली आंध्र-कर्नाटकाकडे खग्रास, आपल्याकडे बराचसा सूर्य झाकणारं. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, मुलांना नीट समजावून सांगा, अफवा फार आहेत." मी फळा भरून आकृत्या काढल्या. झाडावरून बोर पडतं आणि चंद्र पडत नाही असं आपल्याला वाटतं, पण चंद्रही पडतच असतो. पुढे जायचा वेग असतो म्हणून तो पृथ्वीभोवती पडत राहतो. हे एकदा कळलं की तो कोणत्या दिवशी, कोणत्या मिनिटाला कुठे असेल ते आधी सांगता येतं. पेपरात नागपूरच्या वेळा आल्या होत्या, त्या मी पोरांना वहीत उतरवून घ्यायला लावल्या.

मग मी त्यांना नेपच्यूनची गोष्ट सांगितली. युरेनस हा ग्रह गणिताप्रमाणे चालत नव्हता, ठरल्या वाटेवरून थोडा सरकत होता. गणित करणाऱ्यांनी म्हटलं, याला कोणीतरी ओढतंय, आपल्याला न दिसणारं. किती सरकतो त्यावरून त्यांनी जागा काढली, दुर्बीण तिकडे वळवली आणि तिथे खरोखरच नवा ग्रह होता. मी खडू हातात धरून उभी होते आणि डोक्यात भलतंच चाललं होतं. माझी पोरगी माझ्या वाटेवरून सरकते आहे, आणि ओढणारं कोण ते शोधायला मला दुर्बीणही लागत नाही.

त्या संध्याकाळी घरी ग्रहणाचाच विषय. मी ओसरीत वेळा वाचून दाखवल्या. सासूबाई कापूस वळता वळता म्हणाल्या, "मास्तरीनबाई, तुह्या कागदाच्या पह्यले आमचं मुसळ सांगते. गिऱ्हान लागलं का उभं राह्यते, सुटलं का पडते."

शेजारच्या जिजाबाई तिथेच होत्या. "विमलच्याच हातानं राह्यते पन. माह्या सुनेनं मांगच्या खेपेले घंटाभर खटपट केली. मुसळ पडलं अन् परातीचा काठ चेपला."

ही आमच्याकडची रीत. ग्रहणात अंगणात परातीत पाणी घालायचं, कुंकू टाकायचं आणि त्यात मुसळ उभं करायचं. ते कशाचाही आधार न घेता उभं राहतं. बायका म्हणत, हात सच्चा पाहिजे. गेल्या तीन-चार ग्रहणांपासून आमच्या आळीत ते काम विमलताईंचं होतं.

"मोठी माय मुसळ उभं करते," सासूबाईंनी मुक्ताला सांगितलं. मुक्तानं टाळ्या वाजवल्या. "माह्या मायचं मुसळ," ती म्हणाली.

मी माझा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

रविवारी विमलताई वावरात गेल्यावर मी कोठीची कडी लावली. मुसळ चांगलं चार फुटी, बाभळीचं, आणि बुडाशी लोखंडी कडं. वर्षानुवर्षं मिरच्या-हळद कुटून ते कडं सपाट झालेलं. मी ते परातीत धरलं, डोळे मिटून बोटांना वजन कुठे जातं ते चाचपलं आणि हळूच हात काढले. तीनदा माझ्या अंगावर आलं. चौथ्यांदा राहिलं. त्यात चमत्कार काहीच नव्हता. वस्तूचा गुरुत्वमध्य जिथे असतो तिथून सरळ खाली रेघ ओढा. ती बुडाच्या आत पडली तर वस्तू उभी, बाहेर गेली तर आडवी. पण मला आनंद शास्त्र खरं ठरल्याचा झाला नव्हता, हे मी आज कबूल करते.

महाशिवरात्रीला शाळेला सुट्टी होती. उपासाच्या बायका दुपारी आमच्या अंगणात कवठं फोडत बसल्या होत्या. विमलताई भगर शिजवत होत्या. मी कोठीतून मुसळ आणलं, परात मांडली, पाणी ओतलं. दुसऱ्या खेपेला मुसळ उभं राहिलं.

बायकांनी हातातली कवठं खाली ठेवली. मग जिजाबाई म्हणाल्या, "आज कोनतं गिऱ्हान आहे व?"

"कोणतंच नाही," मी म्हटलं. "कोणत्याही दिवशी उभं राहतं. सूर्य-चंद्राच्या ओढीनं राहत असतं तर दर अवसेला राहिलं असतं, दर अवसेला ते एका बाजूलाच असतात. हे वजनाचं आहे, हाताच्या सच्चेपणाचं नाही."

"म्हंजे इतके वर्षं आमाले येडं बनवलं म्हना विमलनं," एक जण म्हणाली, आणि बाकीच्या हसल्या. जिजाबाईंनी सुनेला हाक मारली, "ये व, तूही कर, आता सस्तं झालं." सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. विमलताई तिथे उभ्या होत्या, हातात पळी. मुक्ता त्यांच्या पदराला धरून मुसळाकडे बघत होती.

मुक्तानं टाळ्या वाजवल्या नाहीत.

संध्याकाळी मी चुलीपाशी गेले. काहीतरी बोलायला हवं होतं. विमलताई भाकरी थापत होत्या. त्यांनीच सुरुवात केली, वर न बघता.

"ते कोनत्याबी दिवशी राह्यते हे मले तू या घरात याच्या आंधीपासून मालूम आहे. मिरच्या कुटता कुटता दम लागला का मी उभं करून ठेवत होती."

"मग ताई, सांगितलं का नाही?"

"कोनी विचारलं?" त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "हळदीकुंकवाले मी मांगं, ओटी भरतानी मांगं. तुह्या मुक्तीच्या बारशाले पाळन्याच्या दोरीले हात लावू देला नाई मले. गिऱ्हानाले तेवढं म्हनत, विमल कुठी आहे, बलवा तिले." मग त्या म्हणाल्या, "तुले हे पाह्यजे होतं, तं मले मांगायचं. देलं असतं."

मला तेव्हाही राग आला. इतकं सगळं हातचं गेल्यावरही ती देणारी आणि मी मागणारी.

शनिवारी ग्रहण लागायच्या आधी आळीतल्या बायका ओसरीत जमल्या. विमलताई मुक्ताला घेऊन आतल्या खोलीत बसल्या होत्या. लेकराला बाहेर आणायचं नाही असं सासूबाईंचं सांगणं होतं. मुसळ मी उभं केलं आणि जाहीर केलं, "ग्रहण पाचच्या आत सुटेल. मुसळ साडेपाचपर्यंत उभं राहील. कोणी हात लावायचा नाही."

"पाहू," जिजाबाई म्हणाल्या.

कागदातल्या मिनिटाला सूर्याची कड खाल्ली गेली. माझा कागद बायकांनी एकमेकींना दाखवला. ऊन पातळ होत गेलं, भर दुपारी दिवेलागणीसारखं वाटू लागलं, कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या. मी पिठाची चाळणी उन्हात धरली. तिच्या प्रत्येक भोकातून जमिनीवर सूर्याची एकेक कोर पडली. शेकडो कोरी, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या. वर न बघता ग्रहण बघायचा हा सोपा उपाय मी कॉलेजात शिकले होते. म्हाताऱ्या बायकांनीही वाकून पाहिलं. "सच्ची व, मास्तरीनची चाळनी," कोणीतरी म्हणालं. माझं सगळं त्या दिवशी खरं ठरत होतं, आणि मला फक्त एकीनं ते बघायला हवं होतं. ती आत दुसऱ्या बाईच्या मांडीवर होती.

ग्रहण सुटायला आलं तसं बायका आंघोळीचं पाणी तापवायला घरोघरी गेल्या. सासूबाई न्हाणीकडे वळल्या. अंगणात मी एकटी. ऊन तिरपं झालं होतं, चाळणीतले सूर्य आता भिंतीवर पडत होते, जवळजवळ गोल, प्रत्येकाला एवढासा चावा. मी आत हाक मारली.

"मुक्ता, ये. बघ किती सूर्य आहेत. लवकर ये, संपतील."

आतून विमलताईंचा आवाज आला, "सुटू दे ना पुरं."

"ये मुक्ता," मी पुन्हा म्हटलं.

आणि ती आली. दार ढकलून, धावत, हात पुढे करून, माझ्याकडे. जन्मल्यापासून पहिल्यांदा ती त्यांच्याकडून माझ्याकडे धावत आली. मी तिचा चेहरा बघत होते. तिची वाट मुसळाजवळून जाते आहे हे मी पाहिलं नाही.

तिचा पाय परातीच्या काठाला लागला. पाणी हललं. मुसळ तिच्या बाजूला कललं.

चार फुटी मुसळ उभ्याचं आडवं व्हायला एखादा सेकंद लागतो. मी नंतर गणित करून पाहिलं आहे, बऱ्याचदा. मी दोन पावलांवर होते. विमलताई तिच्या मागे दारात आल्या होत्या, चार पावलांवर. अंतर वाढलं की ओढ कमी होते, दुप्पट अंतराला चौथाई, हे मी त्याच आठवड्यात फळ्यावर लिहिलं होतं. माझ्या हातात चाळणी होती आणि ती माझ्यानं टाकवली नाही. विमलताईंचा उजवा हात मुक्ताच्या डोक्यावर आला, मुसळ त्या हातावर पडलं, आणि हातासकट बाजूच्या ओट्याच्या दगडी काठावर आदळलं. परात खणखणत गेली.

मुक्ताला खरचटलंही नाही.

आवाजानं बायका परत आल्या. कोणी विचारलं, "सुटलं का?" मी भिंतीकडे पाहिलं. सूर्य पूर्ण गोल होते. पाचाला थोडा वेळ होता.

"पाह्य," जिजाबाई म्हणाल्या, "सुटलं अन् पडलं. मास्तरीन म्हने साडेपाच."

मी बोलायला तोंड उघडलं. मुसळ आपोआप पडलं नाही, मुक्ताच्या पायानं पडलं, एवढंच सांगायचं होतं. एवढ्यानं माझं शास्त्र राहिलं असतं. पण ग्रहणात मुसळ पाडणारी पोरगी म्हणून गाव तिला काय म्हणेल तेही मला दिसलं. माझ्या आधी विमलताई म्हणाल्या, हात पोटाशी दाबून धरून, "आपोआप पडलं. मी झेलाले गेली."

मी तोंड मिटलं. इथेही ती माझ्या आधी पोहोचली होती.

हिंगणघाटला प्लास्टर घातलं. महिन्यानं काढलं तेव्हा मधली दोन बोटं वळेनात. घास धरायचा म्हटलं की भात गळून पडे. मुक्ता आ करून बसे आणि विमलताई डाव्या हातानं प्रयत्न करत. तिला ते आवडत नसे. मग मी भरवू लागले. पहिले आठ दिवस तिनं थुंकलं. मग खाऊ लागली. मनकर्णाबाईचं म्हणणं असं खरं व्हायचं होतं.

मृग लागायच्या आत विमलताईंनी माहेरी, समुद्रपूरला जायचं ठरवलं. चार दिवसांसाठी म्हणाल्या, पण पेटी घेतली. एसटीच्या थांब्यावर मी विचारलं, "ताई, माझ्यावर रागावून चाललात का?"

"राग नाई," त्या म्हणाल्या. "थकली मी. घास भरवतानी तू मोजत राह्यची. दोन वर्षं मी तुह्या नजरेखाली भात कालवला. आता सुखानं मोज."

गाडी आली. मुक्ता माझ्या कडेवर होती. ती रडली नाही, गाडी गेल्यावर फक्त विचारलं, "बाई, माय कुठी?" त्या पावसाळ्यातच ती मला आई म्हणू लागली. ज्याची मी अडीच वर्षं वाट पाहिली ते मला मिळालं, आणि दर वेळी मला वाटतं की ही हाक दुसऱ्याची आहे, पत्ता चुकून माझ्याकडे आली आहे.

विमलताई परतल्या नाहीत. सदाशिवराव दोन-तीन महिन्यांनी ज्वारी घेऊन जातात आणि परत येऊन "बरी आहे" म्हणतात, त्यापलीकडे एक शब्द नाही. माझ्या पत्रांना उत्तर येत नाही. त्यांना लिहिता येत नाही आणि भाऊ तानबा लिहून देत नसावा. एकदा मी मुक्ताला घेऊन गेले. भावजय दारातच म्हणाली, "झोपल्या आहेत." दुपारचे बारा वाजले होते. आतून कोणीतरी डाव्या हातानं पडदा सारून मुक्ताकडे पाहिलं आणि पडदा सोडला. मुक्तानं ओळखलं नाही. तिथून मी निघाले ती पुन्हा गेले नाही. आता यजमानांची बदली वर्ध्याला झाली, दुसरं मूल पाळण्यात आहे, आणि याचा सकाळचा घास मीच भरवते. शाळा मी सोडली.

माझं शास्त्र चुकलं नव्हतं. १६ फेब्रुवारीचं ग्रहण मिनिटाला लागलं आणि मिनिटाला सुटलं, आणि मुसळ आजही माझ्या स्वयंपाकघरात कोणत्याही दिवशी उभं राहतं. दोन वस्तू एकमेकींना ओढत असल्या तर पुढचं सगळं गणितात बसतं, तिसरी आली की सोडवता येत नाही, हेही मला पुस्तकातून माहीत होतं. मी तिसरीला बाजूला काढलं आणि म्हटलं, आता सोपं होईल.

तुमच्यापैकी कोणी एसटीनं समुद्रपूरवरून जात असाल तर थोडं उतरा. स्टँडच्या मागच्या गल्लीत तानबांचं घर विचारा, कोणीही दाखवेल. मी पाठवलं म्हणून सांगू नका. पाणी मागा. तांब्या कोणत्या हातानं देतात ते पाहा, आणि उजव्या हाताची बोटं वळतात का. जेवल्या का विचारा. नाही म्हणाल्या तर थोडा वेळ बसा. आणि त्यांच्या मांडीवर भावाचं एखादं लेकरू आहे का तेही बघा. असलं तर मला बरं वाटेल, असं म्हणायला हवं. ते लेकरू त्यांना काय म्हणतं, तेवढं मात्र नीट ऐकून मला कळवा.